महिला सुरक्षा पाहणी सेवा: उजेड मोजून दिला, पाठपुरावा आमच्याकडेच राहिला

पूर्व उपनगरातील आमच्या दोन गृहनिर्माण संस्था, त्यांच्या मागची बैठी वस्ती आणि या दोन्हींच्या मधून रेल्वे स्थानकाकडे जाणारा सव्वा किलोमीटरचा रस्ता, एवढ्या परिसराची तिथल्याच महिलांकडून सुरक्षा पाहणी करून देण्याचे काम आमच्या महिला मंडळाने गेल्या दिवाळीनंतर एका संस्थेला दिले. शुल्क १८,००० रुपये ठरले. त्यांपैकी १२,००० रुपये दोन्ही सोसायट्यांनी भरले आणि उरलेले मंडळाने हळदीकुंकवासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून दिले. वस्तीतील बचत गटाकडून वर्गणी घ्यायची नाही, हे आधीच ठरले होते. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या इतर मंडळांनी पैसे मोजण्यापूर्वी काय विचारून घ्यावे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

पाहणीची ही पद्धत नवी नाही. कॅनडातील टोरोंटो शहरात मेट्रॅक या संस्थेने १९८९ साली ती प्रथम आखली, आणि तिच्यामागचा विचार साधा होता: एखादी जागा सुरक्षित आहे की नाही, हे त्या जागेतून रोज ये-जा करणाऱ्या बाईला अधिकाऱ्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते, म्हणून तिनेच ती चालत जाऊन तपासावी. आपल्याकडे दिल्लीच्या जागोरी संस्थेने अशा पाहण्या केल्या, २०१३ मध्ये सेफ्टीपिन हे मोबाइल अ‍ॅप आले, आणि मुंबईत अक्षरा या संस्थेने सार्वजनिक जागांमधील स्त्रियांच्या सुरक्षेवर बरेच काम केले आहे. सेफ्टीपिनमध्ये प्रत्येक जागेला नऊ निकषांवर ० ते ३ असे गुण दिले जातात. उजेड किती, जागा मोकळी की कोंदट, आजूबाजूच्या खिडक्या-दुकानांतून ती जागा दिसते का, माणसांची वर्दळ किती, पोलीस किंवा रखवालदार जवळ आहे का, चालायला पदपथ आहे का, बस-रिक्षा किती लांब, दिसणाऱ्या माणसांत बायका-मुले किती, आणि शेवटी तिथे उभे राहिल्यावर मनाला काय वाटते, असे ते नऊ निकष आहेत. आमच्याकडे आलेल्या संस्थेचा छापील तक्ताही याच धर्तीवर होता.

कामाची सुरुवात एका रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत झाली. संस्थेच्या दोन मुलींनी फरशीवर रांगोळीने परिसराचा नकाशा काढायला लावला आणि प्रत्येक बाईच्या हातात पाच चिंचोके दिले. ज्या ठिकाणी पाऊल आपोआप भरभर पडू लागते किंवा जिथून जायचे आपण टाळतो, तिथे चिंचोका ठेवायचा, एवढीच सूचना होती. एकूण २६ बायका होत्या. सोसायटीतल्या ११, वस्तीतल्या १५. त्यांत घरकामाला जाणाऱ्या होत्या, पहाटे भायखळ्याच्या मंडईत माल आणायला निघणारी एक भाजीवाली होती, बारावीत शिकणाऱ्या दोन मुली होत्या आणि काठी घेऊन चालणाऱ्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या. स्थानकाच्या पादचारी पुलावर चिंचोक्यांचा ढीग पडेल, असा माझा अंदाज होता. तिथे दोनच पडले. सगळ्यात मोठा ढीग पडला तो टेम्पो उभे राहतात त्या वळणावर आणि वस्तीतल्या शौचालयाच्या बोळात. सोसायटीतल्या एकाही बाईने त्या बोळात चिंचोका ठेवला नव्हता, कारण आमच्यापैकी कोणी त्या बोळात कधी गेलेलेच नव्हते. पंचवीस वर्षे एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून ही गोष्ट मला त्या दुपारी कळली, आणि १८,००० रुपयांतला मोठा वाटा मी याच बैठकीच्या खाती लिहीन.

फेरीच्या वेळेवरून मात्र पहिला खटका उडाला. संस्थेच्या ठरलेल्या आखणीत एकच फेरी होती, संध्याकाळी साडेसहा ते आठ. या वेळी आमच्या रस्त्यावर दुकाने उघडी असतात, क्लासची मुले असतात, शेअर रिक्षांची रांग असते. शिवाय हीच वेळ घरात कुकर लावण्याची, मुलांच्या अभ्यासाची आणि पिण्याचे पाणी भरून ठेवण्याची असते, त्यामुळे ज्यांना यायला हवे त्याच बायका येऊ शकत नाहीत. आम्ही दोन फेऱ्या मागितल्या, एक रात्री जेवणे उरकल्यावर सव्वादहाला आणि दुसरी पहाटे पाचला. दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे पडतील, असे आधी सांगण्यात आले. थोडी घासाघीस झाली, आणि अखेर मूळ फेरीच्या बदल्यात या दोन्ही मिळाल्या. सेवा घेणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्यावी, कारण संध्याकाळी साडेसहाची मुंबई आणि पहाटे पाचची मुंबई ही दोन वेगळी गावे आहेत.

रात्रीच्या फेरीत पहिल्याच दोनशे मीटरवर आम्ही पाऊण तास थांबलो. रस्त्याच्या कडेला एक जुना पर्जन्यवृक्ष आहे आणि त्याच्या बुंध्यापासून जेमतेम तीन हातांवर विजेचा खांब. दिवा चालू होता. मान वर करून पाहिले तर पानांच्या वर पांढरा झगझगीत उजेड दिसत होता आणि खाली पदपथावर स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. झाडाच्या फांद्या दिव्याच्या खाली पसरल्या होत्या, म्हणजे दिवा झाडाच्या शेंड्याला उजेड देत होता. आमच्यातील दोघींनी पूर्वी याच ठिकाणाबद्दल तक्रार केली होती आणि दोन्ही वेळा ‘दिवा चालू स्थितीत आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद झाली होती. शेरा खोटा नव्हता. दिवा वीज कंपनीकडे, फांदी महापालिकेच्या उद्यान खात्याकडे, आणि दोन्हींच्या मधला अंधार कोणाच्याच खात्यावर नाही. मुंबईत रस्त्यावरच्या दिव्यांची व्यवस्था मुळातच तिघांमध्ये वाटलेली आहे. शहर भागात बेस्ट, उपनगरांच्या बहुतेक भागात अदानी, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची, इथपासूनच सामान्य माणसाचा गोंधळ होतो. संस्थेच्या मुलीने या जागी एक गोष्ट शिकवली, ती फार उपयोगी पडली. प्रत्येक खांबावर रंगाने क्रमांक लिहिलेला असतो. तक्रारीत ‘झाडाजवळचा दिवा’ असे न लिहिता तो क्रमांक लिहायचा, खांबाचा आणि खालच्या अंधाराचा असे दोन फोटो जोडायचे आणि एकच अर्ज दोन्हीकडे, एकमेकांचा उल्लेख करून द्यायचा. (२०१५ साली मरीन ड्राइव्हचे दिवे पिवळे असावेत की पांढरे, यावर या शहरात केवढा वाद झाला होता! आम्हाला दिव्याचा कोणताही रंग चालला असता, तो खाली पोहोचला असता तर.)

त्यापुढच्या जागेने मात्र तक्त्याचीच मर्यादा दाखवून दिली. चौकातून डावीकडे वळणाऱ्या रस्त्यावर नवे एलईडी दिवे आहेत, पदपथ रुंद आहे, दुकाने अकरापर्यंत उघडी असतात. उजेडाला ३, पदपथाला ३, वर्दळीला ३. गुण लिहून घेणाऱ्या मुलीने घरकाम करणाऱ्या एका बाईंना विचारले, “मावशी, मग या रस्त्याला पूर्ण गुण द्यायचे ना?” त्या म्हणाल्या, “दे की. रस्ता चांगलाच आहे. पण मी इथून जात नाही, मागच्या गल्लीतून जाते.” मागची गल्ली म्हणजे उघड्या गटाराकाठची, जिथे उजेडाला आम्ही १ दिला होता. कारण विचारल्यावर त्या जरा थांबल्या. मग त्यांनी बंद व्यायामशाळेच्या पायऱ्यांकडे हनुवटीने खूण केली. रोज रात्री तिथे आठ-दहा पुरुष बसलेले असतात. कोणी हात लावत नाही, शब्दही वाकडा बोलत नाही, फक्त बाई चौकातून वळल्यापासून दुकानांच्या टोकापर्यंत सगळ्या माना तिच्याबरोबर वळतात. वर्दळीचे ३ गुण याच माणसांमुळे मिळाले होते. नऊपैकी शेवटचा, मनाला काय वाटते हा निकष अशाच गोष्टींसाठी आहे, हे खरे. पण एकूण गुणांची सरासरी काढली की तो एक शून्य बाकीच्या तिनांमध्ये विरघळून जातो आणि नकाशावर रस्ता हिरवा उमटतो. अहवालात नेमके तेच झाले. मावशींचे वाक्य मात्र त्यात कुठेही नाही. आकड्यांबरोबर बोलणेही जसेच्या तसे, नाव न घालता लिहून घ्यावे, असा आग्रह आम्ही त्याच वेळी धरायला हवा होता.

‘पुकार’ संस्थेने २००३ ते २००६ या काळात मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर जो संशोधन प्रकल्प केला, त्यात हे दिसून आले होते की शहरात बाई घराबाहेर असते ती काहीतरी काम असल्याचे दाखवत, नुसती रेंगाळत नाही. आमच्या पहाटेच्या फेरीत याचा पुरावा पायांनीच दिला. १४ बायका हातात तक्ता घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या, तर दुधाच्या गाडीवाल्याने, वॉचमनने आणि चालायला निघालेल्या एका गृहस्थांनी, अशा तिघांनी आम्हाला ‘काही झाले आहे का’ असे विचारले. बायका उभ्या आहेत म्हणजे काहीतरी झालेच असणार, असे ते गृहीतक.

पहाटेची फेरी खरे तर शौचालयासाठी होती. वस्तीतले शौचालय दुमजली आहे, स्वच्छ आहे, स्थानिक समिती ते नीट चालवते. दोष इमारतीत नाही, तिच्याकडे जाणाऱ्या चाळीस पावलांच्या बोळात आहे. बोळाच्या दिव्याचे बटण रखवालदाराच्या खोलीत आहे आणि तो खोलीला कुलूप लावून रात्री साडेअकराला घरी जातो. मग पाच वाजेपर्यंत बायका मोबाइलची बॅटरी लावून जातात, आणि एकटी कोणी जात नाही. शेजारणीच्या दारावर टिचकी मारायची आणि दोघींनी निघायचे, अशी रीतच पडून गेली आहे. वस्तीतल्या दोन मुलींनी सांगितले की रात्री आठनंतर त्या पाणी पीत नाहीत. हे ऐकून आमच्या सोसायटीच्या बाजूने कोणी काहीच बोलले नाही. तक्त्यात या जागेला उजेडासाठी ० गुण मिळाले, पण पाणी न पिण्यासाठी त्यात रकाना नव्हता.

बंद कारखान्याची भिंत, टेम्पोंचे वळण आणि रिक्षा थांबा यांविषयी थोडक्यात लिहिते. भिंतीजवळ दृश्यतेला ० मिळाले, कारण दीडशे मीटरपर्यंत रस्त्याकडे एकही खिडकी किंवा दुकान नाही. ओसाड पडलेल्या मिळकतींचे काय होऊ शकते, हे शक्ती मिलच्या २०१३ मधील घटनेनंतर या शहराला नव्याने सांगण्याची गरज नसावी. वळणावर रात्री टेम्पो एकाला एक लागून उभे राहतात आणि पदपथ व रस्ता यांच्यामध्ये पत्र्याची भिंतच तयार होते. रिक्षा थांब्याला आम्ही सगळ्या निकषांवर चांगले गुण दिले, आणि तिथल्या रिक्षावाल्यांना ते कळल्यावर झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

फेऱ्यांनंतर कायद्याची माहिती देणारे तासाभराचे सत्र झाले, ते चांगले होते. शिट्टी मारणे, अश्लील हावभाव करणे किंवा लज्जा उत्पन्न होईल असे शब्द उच्चारणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७९व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि पाठलाग करणे ७८व्या कलमाखाली, ही गोष्ट खोलीतल्या निम्म्याहून अधिक जणींना ठाऊक नव्हती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाल्यामुळे ज्यांना जुनी कलमे पाठ होती त्यांचाही गोंधळ उडालेला होता. मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ आणि सर्वांसाठीचा ११२ हे क्रमांक सगळ्यांनी तिथल्या तिथे मोबाइलमध्ये साठवले.

आता अहवालाविषयी, आणि इथेच माझे गुण कमी होतात. तो दोन महिन्यांनी आला, ४६ पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला आणि इंग्रजीत. मराठी सारांश दोन पानांचा होता आणि त्यातली वाक्ये वाचून तो इंग्रजीवरून यांत्रिकपणे उतरवल्याचे लपत नव्हते. ‘पदपथ’ या शब्दाऐवजी तीन ठिकाणी ‘चालण्याचा मार्ग’ असे छापले होते. ज्या १५ जणींच्या बोलण्यावर हा अहवाल उभा होता, त्यांच्यापैकी एकीलाही तो वाचता येणार नव्हता. रंगीत नकाशात वस्ती संपूर्ण लाल आणि सोसायट्यांचा भाग हिरवा दिसतो. नकाशा पाहिल्याबरोबर आमच्या सोसायटीतील एका सदस्यांनी वस्तीकडे उघडणारे मागचे फाटक कायमचे बंद करण्याचा ठराव सुचवला. ज्या बायकांनी विश्वासाने आपल्या अडचणी सांगितल्या, त्यांचाच जवळचा रस्ता त्या नकाशाच्या आधाराने बंद होण्याची वेळ आली होती. ठराव बारगळला, पण लाल म्हणजे तिथे धोकादायक माणसे राहतात असे नसून तिथल्या बायकांना सोयी कमी मिळतात, हे नकाशाच्या खाली दोन ओळींत लिहिणे संस्थेला अवघड नव्हते.

शिफारशींमध्येही घाई दिसली. एकूण १२ शिफारशींपैकी ५ सीसीटीव्ही कॅमेऱ्यांविषयी होत्या. मुंबईत २०१६ पासून पोलिसांचे कॅमेऱ्यांचे जाळे आहे आणि गुन्हा घडल्यानंतर तपासात त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण आमच्या दोन्ही फेऱ्यांत एकाही बाईने कॅमेरा मागितला नव्हता. त्यांनी मागितले होते ते फांदी छाटणे, बोळातल्या दिव्याचे बटण बाहेर आणणे, टेम्पो हलवणे आणि मासे-भाजी विकणाऱ्या बायकांना भिंतीजवळ रात्री दहापर्यंत बसू देणे. ही शेवटची सूचना मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली होती, कारण जिथे विक्रेत्या बसतात तिथे उजेड येतो, गिऱ्हाईक येते आणि भिंतीला डोळे फुटतात. अहवालात तिचा उल्लेख नाही. उलट ‘पदपथावरील अतिक्रमण हटवणे’ अशी शिफारस आहे.

पाठपुरावा सेवेत समाविष्ट नव्हता, हे करारात बारीक अक्षरांत होते आणि आम्ही ते वाचले नव्हते. ही चूक आमची. अहवाल तसाच देण्याऐवजी आम्ही मंडळात बसून त्यातून साध्या मराठीत एकेका पानाचे सहा अर्ज तयार केले, प्रत्येकात एक जागा, एक खांब क्रमांक, दोन फोटो आणि एकच मागणी. विभाग कार्यालयात आवक क्रमांक घेतला, वीज कंपनीला दिले, आणि पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीच्या बैठकीत दोघी जणी प्रत्यक्ष गेल्या. फांद्या मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत उतरवल्या गेल्या आणि त्या रात्री पदपथावर पहिल्यांदा पेव्हर ब्लॉकच्या रेघा दिसल्या. बोळातल्या दिव्याचे बटण शौचालयाच्या समितीने आठवड्याभरात बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतले. त्यासाठी ३५० रुपये आणि एक इलेक्ट्रिशियन लागला. बीटवरचे पोलीस व्यायामशाळेपाशी रात्री फेरी मारू लागले, तेव्हापासून पायऱ्या रिकाम्या असतात, पण मावशी अजून मागच्या गल्लीतूनच जातात. टेम्पो जिथे होते तिथेच आहेत.

एकूण सेवेला मी पाचपैकी तीन गुण देईन. बैठक आणि फेऱ्या यांना साडेचार, अहवालाला दीड. दुसऱ्या वर्षीच्या फेरपाहणीसाठी संस्थेने ९,००० रुपयांचे दरपत्रक पाठवले होते. तक्ता आता आमच्याकडे आहे, खांबांचे क्रमांक वहीत उतरलेले आहेत, त्यामुळे फेरी आणि अर्ज आमचे आम्ही करू. बैठक मात्र आम्हाला तशी घेता येईल असे वाटत नाही. शौचालयाच्या बोळाविषयी वस्तीतल्या बायका जे त्या दोन परक्या मुलींपुढे बोलल्या, ते त्या भिंतीपलीकडच्या आमच्यासारख्यांपुढे इतक्या वर्षांत बोलल्या नव्हत्या, आणि आम्हीही विचारले नव्हते. म्हणून केवळ त्या एका दुपारपुरते संस्थेला बोलवावे आणि त्याचे वेगळे दर मागवावेत, असे मंडळाच्या जूनच्या सभेत ठरले आहे. उत्तर अजून यायचे आहे.